डबीलाही कान असतात

माझी आतेबहीण गेली वीस वर्षं गाणं शिकते आहे. दिवाळीआधी माळा आवरताना तिला एक जुना एमपीथ्री प्लेअर सापडला. काडेपेटीपेक्षा जरा लांबट, एका पेन्सिल सेलवर चालणारा, कडेला लाल ठिपक्याचं बटण. ते दाबून धरलं की यंत्र वाजायचं थांबून ऐकायला लागे. बाईंच्या क्लासला ती हाच पिशवीत टाकून न्यायची. तो पुसत पुसत तिने मला विचारलं, "दादा, हे गाणी वाजवायचं यंत्र ना? मग त्यात रेकॉर्डिंग कसं व्हायचं? आणि यांचा एवढा महागाचा आयपॉड, त्यात का नव्हतं होत?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर विज्ञानात सापडतं. दुसऱ्याचं बरंचसं बाजारात आणि थोडंसं कोर्टात. आधी पहिल्याकडे वळू.

१. तापाचा तक्ता

आवाज म्हणजे हवेच्या दाबाची चढउतार. मायक्रोफोनचा पडदा त्या दाबाबरोबर हलतो आणि त्या हलण्यातून वीज तयार होते. दाब वाढला की व्होल्टेज वाढतं, दाब उतरला की तेही उतरतं. कॅसेटमध्ये ही चढउतार चुंबकीय फितीवर सलग उमटवली जात असे. डिजिटल यंत्र ती उमटवत नाही, मोजतं.

इस्पितळात खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता अडकवलेला असतो. नर्स ठरावीक तासांनी ताप मोजते आणि ठिपका देते. ठिपके जोडले की ताप कसा चढला, कसा उतरला ते दिसतं. मात्र दोन मोजण्यांच्या मधल्या वेळात ताप सणकून चढला आणि उतरूनही गेला, तर तक्त्याला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून ताप जितका चंचल, तितकं मोजणं वरचेवर हवं.

आवाजाचा ताप फारच चंचल. माणसाचा कान सेकंदाला साधारण २० पासून २०,००० पर्यंत कंपनं ऐकू शकतो. एखादं कंपन पकडायचं तर ते वर असताना एकदा आणि खाली असताना एकदा, असं दोनदा तरी मोजायला हवं. म्हणजे २०,००० कंपनांसाठी सेकंदाला ४०,००० हून अधिक मोजण्या. सीडीसाठी हा आकडा ४४,१०० ठरला.

वरच्या ४,१०० पैकी काही मोजण्या सुरक्षिततेसाठी आहेत हे समजतं, पण नेमक्या ४४,१०० कशासाठी? हा आकडा व्हिडिओ टेपने दिला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एवढे आकडे साठवू शकणारं सोयीचं साधन म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर होता. अमेरिकन-जपानी पद्धतीत सेकंदाला ६० पडदे, एका पडद्यात कामाच्या २४५ ओळी, एका ओळीत ३ मोजण्या बसत. गुणाकार करा : ६० × २४५ × ३ = ४४,१००. युरोपीय पद्धतीत ५० × २९४ × ३. उत्तर तेच. आज ना ती टेप उरली ना ते रेकॉर्डर, पण आकडा घराण्याच्या नावासारखा मागे राहिला आहे.

२. सोनाराचा काटा

किती वेळा मोजायचं ते ठरलं. किती बारकाईने मोजायचं ते अजून राहिलं. कांदे तोलणारा तराजू पाव किलोपर्यंत सांगतो, सोनाराचा काटा मिलिग्रॅमपर्यंत. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक मोजणी १६ बिटांची असते, म्हणजे सर्वांत खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत ६५,५३६ पायऱ्या असतात. आवाजाचं माप त्यांपैकी सर्वांत जवळच्या पायरीवर लिहिलं जातं.

आता हिशेब मांडून पाहू. सेकंदाला ४४,१०० मोजण्या, प्रत्येकी १६ बिट, डावा आणि उजवा असे दोन कान : ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. मिनिटाला १,०५,८४,००० बाइट. ढोबळमानाने मिनिटाला साडेदहा एमबी, तासाला ६३५ एमबी.

१९९८ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या खिशातल्या प्लेअरांमध्ये, म्हणजे कोरियाच्या एमपीमॅनमध्ये आणि अमेरिकेच्या डायमंड रिओमध्ये, जागा होती ३२ एमबी. त्यात सीडीच्या दर्जाचं संगीत जेमतेम तीन मिनिटं मावलं असतं. अशा यंत्राला प्लेअर कोण म्हणणार?

३. मोदक वळणं आणि मोदक खाणं

वाट काढली ती एमपीथ्रीने. घरात मिक्सर चालू असताना पलीकडच्या खोलीतलं घड्याळ टिकटिकत असतंच, पण ते आपल्याला ऐकू येत नाही. मोठा आवाज शेजारच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. जर्मनीतल्या एर्लांगन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झाकाझाकीचा फायदा घेतला : जे कानाला ऐकूच येणार नाही ते लिहायचंच कशाला? सुझॅन व्हेगा या गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे बिनवाद्यांचं गाणं ब्रांडेनबुर्ग यांनी परीक्षेला घेतलं होतं. एकट्या मानवी आवाजाला आडोसा नसतो, त्यामुळे कापाकापी लगेच उघडी पडते. ते गाणं नीट ऐकू येईपर्यंत पद्धतीची घासपूस चालू राहिली. जुलै १९९५ मध्ये अशा फायलींच्या शेवटी लावायचं 'एमपीथ्री' हे शेपूट नक्की झालं.

सेकंदाला १,२८,००० बिट या प्रचलित दराने मिनिटाला ९,६०,००० बाइट लागतात. म्हणजे मूळच्या अकराव्या हिश्शाएवढे. ३२ एमबीत आता अर्ध्या तासाहून थोडं जास्त मावायला लागलं.

इथे बहिणीच्या पहिल्या प्रश्नाची एक कडी सापडते. एमपीथ्री वाजवणं सोपं आहे, बनवणं अवघड. वाजवताना यंत्राला फक्त लिहिलेलं उलगडायचं असतं. बनवताना आवाजाचे पट्टे वेगळे करायचे, कोणता कोणाला झाकतो ते क्षणाक्षणाला तपासायचं, मग काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवायचं. उकडीचा मोदक वळणं आणि मोदक खाणं यांत जेवढं अंतर, तेवढं या दोन कामांत. सुरुवातीच्या प्लेअरांतल्या चिप फक्त खाणाऱ्या होत्या. संगणकाने वळलेले मोदक त्यांना आयते मिळत. वळणारी चिप स्वस्त आणि कमी वीज खाणारी झाली, तेव्हा कुठे खिशातली डबी थेट एमपीथ्रीत रेकॉर्ड करू लागली.

४. कानापासून आकड्यापर्यंत

वाजवणारी डबी आकड्यांची वीज करते आणि वीज हेडफोनकडे पाठवते. रेकॉर्ड करणाऱ्या डबीत हीच वाट उलटी चालायची असते. तिच्या सुरुवातीला मात्र एक कडवा चढ आहे : मायक्रोफोनची वीज अगदी क्षीण असते. काही हजारांश व्होल्ट, बोलणारा लांब असेल तर त्याहूनही कमी. टेप-डेकसारख्या यंत्राच्या मागच्या भोकातून येणारा संदेश, ज्याला 'लाइन' म्हणतात, साधारण पाव ते एक व्होल्टचा असतो. मायक्रोफोनच्या विजेला मोजण्याआधी शेकडोपट मोठं करावं लागतं. हे काम करणाऱ्या भागाला प्रीअॅम्प म्हणतात, आणि यंत्राचा रेकॉर्डिंगचा दर्जा मुख्यतः त्याच्यावर ठरतो. स्वस्त प्रीअॅम्प आवाजाबरोबर स्वतःची खरखरही मोठी करतो. जाहिरातीत मात्र त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. गिगाबाइट मोठ्या अक्षरांत असतात.

जुन्या यंत्रांवर 'माइक' आणि 'लाइन' अशी दोन भोकं दिसतात, ती यासाठी. दोन्हींचा आकार सारखाच, साडेतीन मिलिमीटरचा, आणि सगळा घोळ तिथेच होतो. लाइनचा संदेश माइकच्या भोकात घालणं म्हणजे अग्निशामक बंबाचा पाइप चहाच्या गाळणीत सोडणं.

आता त्या ६५,५३६ पायऱ्यांकडे परत येऊ. आवाज सर्वांत वरच्या पायरीच्याही वर गेला तर? वर काहीच नाही. यंत्र त्याच पायरीवर अडून राहतं, लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि ऐकताना फाटल्यासारखं वाटतं. कॅसेट अशा वेळी थोडं सांभाळून घ्यायची, माथा जरा दाबून गोल करायची. आकडे सांभाळून घेत नाहीत. म्हणून जाणकार माणूस पातळी मुद्दाम खाली ठेवतो, बहुधा १२ डेसिबल. म्हणजे किती? ६ डेसिबल खाली आलं की लाटेची उंची निम्मी होते, १२ खाली आलं की पाव. ६५,५३६ चे पाव १६,३८४. तीन चतुर्थांश पायऱ्या रिकाम्या ठेवल्या, असं वाटून जीव हळहळतो खरा. पण उरलेल्या सोळा हजारांत बंदिश छान मावते, आणि अनपेक्षित तार सप्तकातली हाक आली तर वर जागा असते.

हे सगळं सामान्य माणसाने कशाला करावं, असा विचार करून बहुतेक छोट्या प्लेअरांत पातळी आपोआप ठरवणारी सोय घातलेली असे. आवाज बारीक झाला की यंत्र स्वतः मोठं करतं, मोठा झाला की लहान करतं. सभेतल्या भाषणाला, कॉलेजातल्या तासाला हे उत्तम. गाण्याला? बहिणीने त्या डबीतली एक फाइल मला ऐकवली. बाई यमन गाताहेत, तानपुरा मागे शांत आहे. बाई श्वासासाठी थांबतात, आणि दोन सेकंदांत तानपुरा फुगत फुगत अंगावर येतो, एखादी मोटारसायकल गल्लीत शिरावी तसा. पुन्हा बाईंचा स्वर लागला की तो दचकून मागे पळतो. खोलीत असं काही झालं नव्हतं. बाई थांबल्या की आपण शांतता ऐकतो. यंत्राला वाटतं, आवाज कमी पडला, मदत करू या.

५. बटण का नव्हतं

आता दुसरा प्रश्न, आणि त्यासाठी १९७९ मध्ये जावं लागेल.

त्या वर्षी १ जुलैला जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीला आला. तो कोऱ्या कागदावरून जन्मलेला नव्हता. सोनीकडे 'प्रेसमन' नावाचा छोटा टेपरेकॉर्डर होता, वार्ताहरांनी मुलाखती घ्यायला वापरायचा. त्यातला रेकॉर्डिंगचा भाग आणि स्पीकर काढला, स्टीरिओ वाजवायची सोय घातली, हलके हेडफोन दिले आणि वॉकमन झाला. रेकॉर्ड न करणारा टेपरेकॉर्डर कोण घेणार, ही शंका कंपनीच्या आत आणि विक्रेत्यांतही होती. लोकांनी तो उचलून धरला. एक गुण काढून टाकल्यामुळे वस्तू जास्त खपली. खिशातल्या संगीताची सुरुवातच अशी कान कापून झाली, आणि हा धडा पुढच्या कारखानदारांनी लक्षात ठेवला.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९८७ मध्ये डॅट नावाची डिजिटल कॅसेट आली. तिच्यावरची नक्कल मुळाइतकीच स्वच्छ निघे. नकलेची नक्कल, तिचीही नक्कल, तरी फरक नाही. रेकॉर्ड कंपन्यांच्या पोटात गोळा आला. बऱ्याच वादानंतर १९९२ मध्ये अमेरिकेत घरगुती ध्वनिमुद्रणाचा कायदा झाला. त्यात संगीताच्या डिजिटल रेकॉर्डरांवर दोन बंधनं आली : विक्रीतला ठरावीक हिस्सा संगीतवाल्यांना द्यायचा, आणि यंत्रात असा पहारेकरी बसवायचा की मुळाची नक्कल होऊ शकेल पण नकलेची होणार नाही. मुलं चालतील, नातवंडं नकोत.

१९९८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने डायमंड कंपनीवर दावा लावला. म्हणणं असं की रिओ हा डिजिटल रेकॉर्डर आहे आणि त्याने १९९२ चा कायदा पाळलेला नाही. यातली गंमत पाहा : ज्या यंत्रावर रेकॉर्डर असल्याचा आरोप होता, त्याला मायक्रोफोन नव्हता आणि बाहेरचं काही ऐकून घेण्याची कुठलीच सोय नव्हती. ते फक्त संगणकाकडून फायली घेई. जून १९९९ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला. संगणकाची हार्ड डिस्क काही फक्त संगीत ठेवण्यासाठी नसते, तिथून फायली घेणारं यंत्र या कायद्याच्या अर्थाने रेकॉर्डर ठरत नाही. आपल्याच मालकीची गाणी सोबत नेता यावीत म्हणून दुसरीकडे उतरवणं हा खाजगी वापर आहे, असंही कोर्टाने म्हटलं. एमपीथ्री प्लेअरांचा रस्ता मोकळा झाला.

म्हणून मग कोणी लाल बटण लावलं नाही का? लावलं की. आवाज टिपणारी डबी या निकालाने बेकायदा ठरली नव्हती. ज्यांना यंत्र साधं, पातळ आणि एका कामाचं हवं होतं त्यांनी ते गाळलं. ज्यांना स्पर्धेत एक सोय जास्त दाखवायची होती त्यांनी घातलं. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेला पहिला आयपॉड पाच जीबीचा आणि हजार गाण्यांच्या जाहिरातीचा, पण बहिरा होता. २००३ च्या पिढीपासून त्याला वरून खोचायचे मायक्रोफोन इतर कंपन्यांनी विकले, तेव्हा तो सेकंदाला अवघ्या ८,००० मोजण्या घेई. तापाच्या तक्त्याचा नियम लावून पाहा : ८,००० चे निम्मे ४,०००. त्याच्या वरची कंपनं गायब. बोलणं समजावं, गाणं कोमेजावं, जुन्या टेलिफोनसारखं. अॅपलला हे जमत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांना आयपॉड ऐकवणारा हवा होता, ऐकणारा नको. २००९ च्या नॅनोला अंगचा मायक्रोफोन मिळाला, तोवर लोकांच्या खिशात दुसरंच यंत्र येऊन बसलं होतं.

६. ज्यांना बटण हवंच होतं

फ्रेंच कंपनी आर्कोसच्या २००२ च्या 'ज्यूकबॉक्स रेकॉर्डर'मध्ये मोदक वळणारी चिप होती. समोरचा आवाज ऐकता ऐकता ती एमपीथ्री बनवी. कोरियाच्या आयरिव्हरच्या एच-१२० मध्ये २० जीबीची डिस्क, अंगचा मायक्रोफोन आणि लाइनचं भोक होतं, आणि ते न आवळलेला, पूर्ण आवाजही साठवी. आपल्या हिशेबाने तासाला ६३५ एमबी, म्हणजे २० जीबीत एकतीस तास. संगीत महोत्सवाच्या सलग रात्री मावतील एवढे.

या यंत्रांची एक खोड होती. डिस्क सारखी फिरत ठेवली तर बॅटरी संपेल, म्हणून आवाज आधी तात्पुरत्या स्मृतीत साठवायचा आणि ती भरली की डिस्क फिरवून एकदम लिहायचा. अंगच्या मायक्रोफोनने रेकॉर्ड केलं की दर थोड्या वेळाने फायलीत बारीक घुर्र ऐकू येई. यंत्राने स्वतःचाच श्वास टिपलेला असे. उपाय सोपा होता : वायरचा मायक्रोफोन हातभर लांब ठेवायचा.

स्वीडनमधल्या काही प्रोग्रामरांना आर्कोसचं मूळ सॉफ्टवेअर पसंत नव्हतं. २००१ च्या अखेरीस त्यांनी स्वतःचं लिहायला घेतलं. 'रॉकबॉक्स' नावाचं ते सॉफ्टवेअर फुकट होतं आणि पुढे आयरिव्हरसकट अनेक प्लेअरांवर चाललं. पातळी हाताने ठरवणं, ती काट्यावर बघत राहणं, अशा सोयी त्याने दिल्या.

रेकॉर्डिंगसाठीच जन्मलेली खिशातली यंत्रं त्यानंतर आली. झूम एच-४ हे २००६ चं, दोन मायक्रोफोन शिंगांसारखे पुढे काढलेलं. त्याच्या कितीतरी आधीपासून माणसं असं काम करायला टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव हिंडत होती. आपल्याकडचं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं. गी प्वातव्हाँ आणि हेमा राइरकर यांनी गावागावांतल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि नव्वदच्या दशकात त्यांना येऊन मिळालेल्या बर्नार्ड बेल यांच्यामुळे १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. शब्द वहीत उतरले असते, पण जात्याच्या घरघरीवर ओवी कुठे ओढली जाते आणि कुठे तुटते ते वहीत कसं उतरणार? पातळी आपोआप ठरवणारी डबी तिथे नेली असती, तर बाई थांबताच जातंच ओरडलं असतं.

आज हे काम फोन करतो. त्याचा मायक्रोफोन त्या जुन्या डबीपेक्षा चांगलाच असेल, पण फोन बोलण्यासाठी घडवलेला आहे. पंख्याचा, गाडीचा, एकसुरी चालणारा कुठलाही आवाज म्हणजे गोंगाट, तो दाबायचा, अशी शिकवण अनेक फोनांतल्या सॉफ्टवेअरला दिलेली असते. तानपुरा एकसुरी चालतो. बहिणीने अलीकडे फोनवर घेतलेल्या क्लासमध्ये तो सुरुवातीच्या काही क्षणांत ऐकू येतो आणि मग विरघळून जातो. जुन्या डबीने फुगवला, नव्या फोनने पुसला. आवाजावरचे संस्कार बंद करता येणारं अॅप वापरलं की तो परत येतो.

७. बटण दाबण्याआधी

पातळी हाताने ठरवता येत असेल तर ठरवा, आणि ती सगळ्यांत मोठ्या तानेवर बेतून ठरवा. नुसत्या 'एक दोन तीन, हॅलो'वर नको. जागा असेल तर आधी न आवळलेली फाइल ठेवा. नंतर एमपीथ्री केव्हाही करता येते, पण एमपीथ्रीत टाकलेलं परत येत नाही.

बंद करण्याचं बटण दाबल्याशिवाय सेल काढू नका. दुकानदार रात्री गल्ला मोजून मगच वहीच्या पहिल्या पानावर बेरीज टाकतो, तशी अनेक यंत्रं फाइल किती मोठी आहे ते रेकॉर्डिंग संपल्यावर तिच्या तोंडाशी लिहितात. मधेच सेल गेला तर आकडे आत असतात, बेरीज नसते, आणि उघडायला गेलं की फाइल रिकामी दिसते. जाणकार माणूस पुष्कळदा त्यातून आवाज बाहेर काढू शकतो, तेव्हा अशी फाइल लगेच पुसून टाकू नका.

आणि सुरुवातीला किंवा शेवटी कोण, कुठे, केव्हा हे तोंडाने बोला. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं तबकडीवर मुद्रित झालं, तेव्हा ती गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव सांगे. मूळ मेणाची तबकडी जर्मनीत जायची होती, आणि तिथल्या कामगारांना कळायला हवं होतं की ही कोण. सव्वाशे वर्षांनीही ते नाव ऐकू येतं.

बहिणीच्या डबीत त्रेचाळीस फायली निघाल्या. सेल बदलला की डबीचं घड्याळ मागे जाई आणि ते पुन्हा लावायची तिला कधी आठवण झाली नाही, त्यामुळे सगळ्यांवर एकच तारीख, १ जानेवारी २००३. बहुतेक फायली बाईंच्या एकाच वाक्याने सुरू होतात : "चालू झालं का गं ते?" एकोणिसाव्या फायलीत मात्र बाई नाहीत. कोणी तरी म्हातारं माणूस भीमपलासची एक जुनी बंदिश सावकाश सांगतंय, आणि बहीण मधे मधे "हं, हं" करते आहे. कोण होतं ते, तिला आठवत नाही.